कालची पोळी आणि आईची खिचडी

ऐका गं सगळ्याजणी, आज आमच्या मुलुंडच्या घरात भारी झालं.

आईची केमो चालू आहे. मी अंधेरीला ऑफिसला गेले की घरी ती आणि बाबा दोघंच. बाबांना चहापलीकडे काही येत नाही. म्हणून काल सुट्टीच्या दिवशी मुगाची मऊ खिचडी आणि दुधीचं सूप केलं, आईला एका वेळी जाईल तेवढंच छोट्या डब्यांत भरलं आणि फ्रीझरमध्ये टाकलं. एकदम झकास जमलंय, उगाच नम्रपणा नको!

आज सकाळी निघताना बाबांना डबे दाखवले, तर त्यांनी तोंड वाकडं केलं. "आजारी माणसाला शिळं घालणार तू?"

मी काही बोलायच्या आत पलंगावरून आई म्हणाली, "अहो, लग्न झाल्यापासून कालची पोळी मीच खातेय. तेव्हा नाही दिसलं शिळं?"



दुपारी ऑफिसात बाबांचा फोन आला. "अगं, खिचडी गरम करायला मायक्रोवेव्हचं कुठलं बटण दाबू?"

आईने अख्खी वाटी संपवली.

तुमच्याकडे कालची पोळी कोण खातं गं?