सासूबाईंची गाडी आणि थांबा मिस्त्री

गल्लीत त्याला सगळे ‘थांबा मिस्त्री’ म्हणायचे. कुणी गाडी घेऊन आलं आणि “क्लच गेलाय वाटतं” म्हणालं, की हा हात पुसत म्हणणार, “थांबा जरा.” मग बॉनेट उघडून, हात मागे बांधून नुसता बघत उभा. पाना उचलायला अर्धा तास. पण एकदा उचलला, की तीच गाडी तेच दुखणं घेऊन परत यायची नाही. त्यामुळे गिऱ्हाइकं चिडायची आणि यायचीही.

सासूबाई मात्र नुसत्या चिडायच्या. त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि उरकण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. सकाळी कापड टाकलं की दुपारी शर्ट अंगात. अशा बाईने एके काळी याला समोर बसवून विचारलं होतं, “माझ्या मुलीशी लग्न करणार का?” आणि हा म्हणाला होता, “थांबा जरा.” होकार तिसऱ्या दिवशी आला. लग्न झालं, बारा वर्षं सुखाने गेली, पण ते मधले दोन दिवस सासूबाईंच्या घशात अडकले ते अडकलेच.

म्हणून त्यांची लाल गाडी गचके खायला लागली तेव्हा त्या जावयाकडे आल्या नाहीत. पहिल्या गॅरेजवाल्याने प्लग बदलले. दुसऱ्याने पेट्रोलचा पंप बदलला. तिसऱ्याने बॅटरी बदलली आणि वर “आता गाडीच बदला” असा सल्ला दिला. एवढं होऊनही गाडी सिग्नलला उभी राहिली की थरथरायची, आणि अॅक्सिलरेटर दाबला की जरा विचार करून मगच हलायची.

“तुमच्यासारखीच झालीय,” एका सकाळी गाडी गॅरेजच्या दारात बंद पाडत सासूबाई म्हणाल्या. “बघा आता, तुमची भाषा तिला कळते का.”

मिस्त्रीची बायको आतून स्टूल घेऊन आली. आईला बसवलं आणि नवऱ्याकडे असं बघितलं, की बाबा रे, आज तरी तो शब्द काढू नकोस.

“थांबा जरा,” मिस्त्री म्हणाला.

त्याने स्कॅनर जोडला. इंजिनात हवा जास्त, पेट्रोल कमी, असं स्क्रीनवर आलं. कुठे नळी फाटून बाहेरची हवा शिरते का, ते त्याने एकेक जोड चाचपून, स्प्रे मारून पाहिलं. नळ्या ठणठणीत. मग बायकोला त्याने गाडीत बसवून रेस द्यायला सांगितली आणि स्क्रीनवरचा हवेचा आकडा बघत राहिला. इंजिन बोंब ठोकत होतं आणि आकडा मात्र जेवण झाल्यावर शतपावली करावी तसा वर चालला होता.

“झालं का?” सासूबाई.

मिस्त्रीने एअर फिल्टरच्या पुढच्या नळीवर बसवलेल्या बोटभर सेन्सरची वायर काढून टाकली. इंजिन एक आचका देऊन चक्क शांत चालू लागलं. थरथर थांबली.

सासूबाई स्टुलावरून उठल्या. “काढल्यावर बरी चालते? मग लावलंय कशाला ते?”

“आई, इंजिनात किती हवा जाते ते हा मोजतो. त्याच्या मापावर गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. हा कमी माप सांगतोय, म्हणून इंजिन उपाशी. वायर काढली की कॉम्प्युटर अंदाजाने चालवतो.”

सासूबाईंनी एक क्षणही घेतला नाही. “म्हणजे टेप खोटी आहे. खोट्या टेपेपेक्षा नजरेने कापलेलं बरं.”

“अगदी तसंच!” मिस्त्री म्हणाला. बारा वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीवर एकमत झालं होतं.

त्याने सेन्सर काढून उजेडात धरला. आत केसाएवढ्या दोन तारा. त्यांच्यावर तपकिरी चिकट थर, आणि थरात अडकलेला निळ्या दोऱ्याचा इवलासा तुकडा. मिस्त्रीने वास घेतला. शिलाई मशीनचं तेल. आता तो खराच थांबला.

“काय झालं? बोला की.”

“यावर तेल बसलंय.”

“तेल कुठून येणार?”

“बहुतेक... फिल्टरमधून.”

“शक्यच नाही! फिल्टर मी स्वतः काढून साबणाने धुतला, गच्चीत वाळवला, आणि...” सासूबाईंचं वाक्य तिथेच तुटलं.

“आणि काय गं आई?” मुलीने विचारलं.

“दोन थेंब दिले. मशीनला देतो तसे.”

मिस्त्रीने फिल्टर बाहेर काढला. तो कागदाचा होता आणि तळलेल्या पुरीसारखा निथळत होता.

“दोन बाटल्या,” सासूबाई हळूच म्हणाल्या. “पण लहान होत्या.” आणि चूक निस्तरायच्या घाईत त्यांनी पदराचं टोक पिळून थेट त्या तारांवर नेलं.

“हात लावू नका!”

मिस्त्री असा ओरडला, की समोरच्या दुकानातला वजनकाटेवाला बाहेर आला. बायकोच्या हातून किल्ली पडली. सासूबाईंचा हात हवेत तसाच. स्वतःच्या आवाजाने मिस्त्रीच सगळ्यांत जास्त दचकला होता. “तुटतात हो त्या,” तो पुटपुटला.

“आवाज आहे म्हणजे तुम्हाला,” सासूबाई म्हणाल्या, आणि त्यात राग नव्हता.

सेन्सर धुवायच्या खास स्प्रेने त्याने तारा धुतल्या, आपोआप वाळू दिल्या. त्या वेळात तिघांनी चहा घेतला. सेन्सर बसवल्यावर गाडी सुधारली, पण आकडा अजून तोकडाच. “धुऊन भागणार नाही, नवीन लागेल,” त्याने सांगितलं. सासूबाईंनी वाद घातला नाही.

तिसऱ्या दिवशी नवीन सेन्सर आणि नवा कोरडा फिल्टर बसला. सासूबाईंनी जावयाला शेजारी बसवून गाडी पुलाच्या चढावर घातली. गाडी सुसाट निघाली. मिस्त्रीने दोन्ही हातांनी डोक्यावरचं हँडल धरलं.

“घाबरलात?”

“नाही. इंजिन ऐकतोय.”

“डोळे मिटून?”

पुढे सासूबाईंनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, की तीन गॅरेजवाल्यांना जे सापडलं नाही ते आमच्या जावयाने हवेचं माप बघून शोधलं. तेलाचा विषय त्या सांगण्यात नसायचा. तिथे तेलाच्या जागी धूळ होती.

एक गिऱ्हाईक गॅरेजमध्ये विचारत आलं, “काय हो, त्यांची गाडी तर दुकानासमोर उभी असते. एवढी धूळ गेली कुठून?”

बायकोने आतून कान टवकारले.

“रस्त्याचं काम चालू होतं ना मध्यंतरी,” मिस्त्री म्हणाला, आणि त्या गिऱ्हाइकाचं बॉनेट उघडून आत वाकला.