मनाचे डॉक्टर, मुक्काम सांगली

वाचनालयातलं पुस्तक आज ना उद्या जागेवर परत येतं. किस्से मात्र एकदा माझ्या डोक्यात येऊन बसले की हलायचं नाव घेत नाहीत! सांगलीच्या पेठेतल्या एका वाचनालयात मी ग्रंथपाल होतो. दुसरं महायुद्ध संपलं त्या सुमारास आमच्या मेंबर मंडळींना मनाच्या डॉक्टरांच्या कादंबऱ्यांचं वेड लागलं. वेडच! दुसरा शब्द नाही.

गोष्ट ठरलेली. डॉक्टर गूढ हसतो, पेशंट बाई कोचावर पडून लहानपणचं काहीबाही सांगते, मधे एक मुडदा पडतो, आणि शेवटी कळतं की दोघांतलं खरं खुळं कोण! मी एकदा विचारलं, "यात एवढं आहे तरी काय?"

आमचे अण्णासाहेब वकील डोळे मिटून म्हणाले, "माणसाचं मन, भाऊराव, मन!"

मन कसलं! दुसऱ्याच्या घरात खिडकीतून डोकवायची हौस, आणि वर विद्वत्तेचा आव.

*

बाबूशेठ हळदीचे व्यापारी. एका कादंबरीची शिवण उसवून तिचे दोन तुकडे झाले, आणि घाईघाईत शेठ मागचाच तुकडा घेऊन गेले. डॉक्टरला फाशी झाली, पुस्तक संपलं. मग सुरुवातीचा तुकडा नेला आणि पानापानाला हसत सुटले.

"अहो, हा कोट घालून ऐटीत फिरतोय, आणि याला माहीतच नाही याला फाशी होणार आहे!"

त्यानंतर शेठ प्रत्येक कादंबरी मागूनच वाचायचे. म्हणायचे, "जिवाला घोर नको!"

*

पेन्शनर पोस्टमास्तरांची तऱ्हा निराळी. नवं पुस्तक आलं की पहिल्याच पानावर पेन्सिलीने लिहिलेलं असायचं, "खून डॉक्टरनेच केला." मेंबर चिडायचे, पुस्तक तसंच परत करायचे, आणि पोस्टमास्तर ते निवांत घरी न्यायचे. शेवटी एकाने रागारागात पुस्तक पुरं केलं, तर खून डॉक्टरने केलाच नव्हता!

पोस्टमास्तर म्हणाले, "मग काय झालं? माझा अंदाज होता तो!"

*

अण्णासाहेबांनी तर वाचलेलं घरात लागू केलं. आमटी खारट झाली तेव्हा बायकोला म्हणाले, "तुझ्या मनात खोल कुठेतरी माझ्याबद्दल दबलेला राग आहे."

वहिनी भांडी आवरता आवरता म्हणाल्या, "दबलेला कुठला? चांगला वर आहे!"

अण्णासाहेबांची आणखी एक खूण म्हणजे सोन्याचं खिशातलं घड्याळ. साताऱ्याच्या कोर्टात उलटतपासणीवर खूश होऊन गोऱ्या जज्जाने बक्षीस दिलं, असं ते सांगायचे. कोणी न विचारताच! फक्त सासुरवाडीचं, म्हणजे वाईचं, माणूस पेठेत दिसलं की ते घड्याळ खिशातून बाहेर यायचं नाही.

*

एक दिवस बाबूशेठ आपल्याकडे हळद विकायला आणणाऱ्या तात्यांना घेऊन आले. तात्या मलकापूरकडचे. बरोबर त्यांचा मुलगा शंकर, ब्रह्मदेशच्या लढाईवरून परतलेला. उंचापुरा गडी, पण तोंडातून शब्द नाही.

"आवं, आल्यापास्नं बोलतच न्हाई," तात्या म्हणाले. "आई हाका मारून दमली. तुमच्यात मनाचे डाक्टर हायत म्हनं? माझं पोरगं तेवढं बोलतं करा वो."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, आता तरी हे लोक सांगतील की बाबा, आम्ही नुसते कादंबऱ्या वाचणारे. कसलं काय!

"ठेवा इथे!" अण्णासाहेब म्हणाले.

शंकर शेठच्या वखारीत पोती उचलायचा आणि संध्याकाळी वाचनालयात यायचा. अण्णासाहेबांनी त्याला आरामखुर्चीत बसवून डोळ्यांपुढे घड्याळ हलवलं. "झोप येतेय... झोप येतेय..." बाबूशेठ घोरायला लागले. शंकर टक्क जागा!

"आता खरं सांग," अण्णासाहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तू कोणाला मारलंस?"

लढाईवरून आलेल्या शिपायाला हा प्रश्न! मला अण्णासाहेबांची अशी लाज वाटली की मी उठून कपाटं पुसायला लागलो. शंकर उठला आणि माठातलं पाणी आणून अण्णासाहेबांना दिलं.

*

पुढे काय झालं असेल? उपचार राहिले बाजूला. एकदा पोस्टमास्तर शंकरशेजारी एकटेच बसले होते. सहज सुनेबद्दल काहीतरी बोलले. शंकर ऐकत राहिला. मधे तोंड घातलं नाही, सल्ला दिला नाही, 'आमच्याकडेही असंच' म्हणाला नाही. पोस्टमास्तर उठले ते हलके होऊन!

मग काय, रांगच लागली. आरामखुर्चीत हे पडायचे, शंकर बाजूच्या स्टुलावर. बाबूशेठ सख्ख्या भावाबद्दल बोलून रडले. अण्णासाहेब तर दार लावून घ्यायचे आणि मला सांगायचे, "भाऊराव, जरा आतल्या खोलीत जा!" पुण्याहून आलेलं कादंबऱ्यांचं नवं पार्सल तसंच पडून होतं. कोण सोडणार! बोलायचं हवं तितकं, आणि ऐकणारा मुका!

तात्या दर बाजाराच्या दिवशी यायचे. दारातूनच विचारायचे, "बोलला का वो?"

"धीर धरा. मन खोल असतं," अण्णासाहेब म्हणायचे. म्हातारा मान हलवून जायचा. मला भयंकर राग यायचा. शेवटी हळदीची काढणी आली तेव्हा तात्या पोराला घेऊन गेले, आणि आमची मंडळी पोरकी झाली.

*

काढणी उरकली आणि एका संध्याकाळी तात्या वाचनालयात आले. थेट अण्णासाहेबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"देव हायसा तुमी! शंकर बोलाय लागला!"

सगळे उभे राहिले. मलाही खरंच भरून आलं. अण्णासाहेबांची छाती फुगली. त्यांनी घड्याळ काढून मंडळींना दाखवलं. "याचा प्रताप! मी म्हटलं नव्हतं?"

"लय बोलतोय बगा," तात्या डोळे पुसत म्हणाले. "आदी आईसंगं बोलला. आता सांजच्याला पारावर बसतोय आन् समदं गाव गोळा हुतंय. पुढं काय झालं, पुढं काय झालं, म्हून कोन उठतच न्हाई!"

"लढाईचं सांगत असेल," बाबूशेठ म्हणाले.

"न्हाई वो. लढाईचं नाव काडत न्हाई. तुमचंच सांगतोय की समद्यांचं!"

पोस्टमास्तर खाली बसले. बाबूशेठनी टोपी काढून पुन्हा घातली. अण्णासाहेबांचा हात घड्याळासकट तसाच वर राहिला.

तात्यांनी ते घड्याळ नीट, अगदी जवळ जाऊन बघितलं.

"ह्येच व्हय त्ये! आमची कारभारीण सारकी इचारतीया. आवं वकीलसाहेब, सासऱ्याला परत कवा देनार?"