तळ्यात पेंड टाकू नका

अमरावतीला मामांकडे राहून मी मिशनच्या इंग्रजी शाळेत शिकले. शाळा संपवून रिसोडला घरी आले आणि माझं बोलणंच बंद झालं. तोंड उघडलं की कोणीतरी म्हणे, "बोलली व मडमीन!" मग मी गप्प राहू लागले. डोळे मात्र उघडे होते.

आमच्या मळ्याच्या खालच्या अंगाला एक तळं होतं. घर बांधताना तिथली माती काढली होती, त्या खड्ड्यात पाणी साचत गेलं. ते तळं आत्यानं मागून घेतलं. सासरच्यांनी नांदवलं नाही म्हणून ती परत आली होती, आणि भावाच्या घरात कोणाच्या दयेवर जेवायचं नाही हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. पैनगंगेवर मासे धरणाऱ्या भोयाकडून तिनं माशांची बोटभर पिल्लं आणली आणि तळ्यात सोडली. मोठी झाली की भोयालाच विकायची आणि त्यातून आपलं लुगडं-चोळी करायची, असा तिचा हिशेब.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मळा त्यांच्या शब्दावर चाले. ते आत्याला म्हणाले, "कर तू. पन मासे मेले त मी तळं बुजवीन अन् तिथं कांदे लावीन. मंग रडू नोको."

तरी माशांचे हाल करावेत असं त्यांच्या मनात नव्हतं. उलट, आपल्या मळ्यात वाढणारी गोष्ट रोडकी राहिलेली त्यांना खपत नसे. ते हाडाचे बागाईतदार. वांग्याला जितकं खत द्याल तितकं वांगं धरतं, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. तोच न्याय त्यांनी तळ्याला लावला. सरकीची पेंड टोपल्या भरभरून पाण्यात पडू लागली, वर शेणखत. येणारा-जाणाराही मूठभर टाकून जाई. मासे खरंच फुगले. पाणी हिरवं झालं, मग घट्ट हिरवं झालं. काठाशी उभं राहिलं की आंबूस वास येई. पेंड खाली बसून कुजत होती. मला ते दिसत होतं, पण सांगायला तोंड उघडावं लागणार होतं.

भाद्रपदात पाऊस थांबला, पण ढग हटले नाहीत. ऊन नाही, वारा नाही, नुसता उकाडा. वांगी सुकायला लागली म्हणून विहिरीवर मोट जुंपली होती. एका सकाळी आत्या धावत आली, "चाल व पोरी, मासे पाह्य कसे करून राह्यले!"

सगळे मासे वर आले होते. तोंडं पाण्याबाहेर काढून, उघडमीट करत होते. काठावर माणसाची सावली पडली तरी एकही खाली जाईना. मोठेबाबा टोपली घेऊन उभेच होते.

"भुकेले हायेत बिचारे. पाह्य कसे तोंड वासून राह्यले."

शाळेत आमच्या बाईंनी एकदा पाणी उकळलं, गार केलं आणि त्यात एक छोटा मासा सोडला. तो असाच वर आला, असाच तोंड उघडमीट करू लागला. बाईंनी लगेच त्याला बाहेर काढलं, तेच पाणी उंचावरून दोन-चारदा या भांड्यातून त्या भांड्यात ओतलं आणि मासा परत सोडला. तो शांतपणे तळाशी गेला. पाण्यात हवा मिसळलेली असते आणि मासा ती घेतो, उकळलं की ती निघून जाते, एवढंच त्या दिवशी शिकवलं होतं. बाकीचं मी तळ्याच्या आंबूस वासावरून ताडलं.

"भूक नाही," मी म्हणाले. "जीव गुदमरतोय. पेंड कुजते, ती पाण्यातली हवा खाते. टाकू नका."

"पान्यात हवा?" मोठेबाबा आत्याकडे पाहून हसले. "आइकलं का बाई? मडमीन म्हन्ते, पान्यात हवा असते."

आणि त्यांनी टोपली उचलली. मी ती त्यांच्या हातातून घेतली आणि काठावरच्या मातीत उपडी केली. आमच्या घरात मोठेबाबांच्या हातातून कोणी काही हिसकावलं नव्हतं. त्यांचं हसू थांबलं. मी थांबले नाही. कडेला फावडं पडलं होतं, ते घेतलं आणि वांग्यांकडे पाणी नेणारा दांड फोडला. मोटेचं पाणी वळलं आणि तळ्याच्या उंच कडेवरून धो-धो खाली पडू लागलं.

"बंद कर थो दांड!"

"नाही करणार."

"वांगे वायले त?"

"वाळू द्या."

आत्यानं पदर खोचला, बादली घेतली आणि गुडघाभर पाण्यात उतरली. बादली भरायची, डोक्याच्या वर नेऊन ओतायची. "भाऊ, बैलं थांबवान त याद राखा," ती पाण्यातूनच ओरडली. मी फावडं आडवं धरून दांडाच्या तोंडाशी उभी होते.

मासे आधी पडत्या पाण्याशी गोळा झाले. दिवस वर आला तशी तोंडं कमी कमी होत गेली. बरेच वाचले. मोठे मोठे मेले, पांढरी पोटं वर करून कडेला लागले.

मोठेबाबांनी तिकडे बोट केलं. "मेले ना? मी काय म्हनलं होतं?"

"तळ्यामुळे नाही मेले, मोठेबाबा. पेंडीनं मेले. तळं बुजवायचं कारण नाही."

सगळ्यांच्या देखत मी हे बोलले, आणि मान खाली घातली नाही. ते विहिरीजवळ, बैलांच्या धावेवर गेले, दमलेली बैलं सोडून दुसरी जोडी जुंपली आणि मोट पुन्हा चालू केली. पाणी संध्याकाळपर्यंत तळ्यातच पडत होतं. तळं बुजवायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. चुकलो असंही म्हणाले नाहीत. मला ते ऐकायचंही नव्हतं.

तेव्हापासून पेंडीचं पोतं माझ्या ताब्यात आहे. थोडी पेंड उथळ टोपलीत बांधून दोरानं पाण्यात सोडायची, संध्याकाळी ओढून पाहायची. उरली असेल तर दुसऱ्या दिवशी कमी. ऊन नसलं की पाण्यात हवा कमी पडते, म्हणून आभाळ भरलेलं असेल त्या दिवशी काहीच नाही. पाहुणे आले की पुण्य म्हणून मुठी भरतात, त्यांनाही मी अडवते. "भाची लय तिखट हाय तुमची," असं आत्याला ऐकवून जातात. आत्या म्हणते, "हाव, हाय."

मोठेबाबा अजूनही ढगाळ दिवशी काठावर येऊन उभे राहतात.

"उपाशी मरतीन व पोरी."

"मरत नाहीत."

"एक मूठ टाकू दे ना."

"नाही. ऊन पडू द्या."


ते पुटपुटत वर जातात. मी पोत्यावर बसून राहते.