आवाज देण्याचा नियम

"आवाज देल्ला असता तं मी धावत आली असती ना, ताई. दोन घास नंतर खाल्ले असते."

एमआरआयच्या खोलीबाहेर कुसुमबाई माझ्या आईला सांगत होत्या. मी स्ट्रेचरवर डोळे मिटून होते. मला झोप लागली आहे असं त्यांना वाटलं असावं. थोड्या वेळाने डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि म्हणाले, "डिस्क प्रोलॅप्स." म्हणजे दोन मणक्यांमधली गादी सरकून पायाकडे जाणाऱ्या नसा दाबत होती. मी चोवीस वर्षांची आहे.

बालाघाटजवळच्या एका बियाणे केंद्रात मी नोंदी ठेवते. वजन उचलण्याचे नियम इंग्रजीत आले होते. ते मराठी-हिंदीत उतरवून गोदामाच्या भिंतीवर मीच चिकटवले. गुडघ्यात वाका. ओझं पोटाशी धरा. ओझं हातात असताना कंबर वळवू नका, पाय वळवा. जड वजन दोघांनी उचला, आणि एकाने आवाज द्या.

हा शेवटचा नियम ऐकून कुसुमबाई हसल्या होत्या. हमाल बायकांमध्ये त्या सगळ्यांत जुन्या. "हे तं आमी करतोच, बाई. त्याले कागद काहून लागते?"

खरं होतं ते. दोघी पोत्याच्या दोन टोकांना हात घालत. एक विचारे, "धरलं?" दुसरी म्हणे, "हौ." मगच पोतं जमिनीवरून उठे. मला मात्र तसं ओरडणं जमत नसे. शाळा इंग्रजी, रस्त्यावर हिंदी, मराठी फक्त घरात. चारचौघांत बोलायची वेळ आली की मी गप्प. "म्याडमचा आवाज पोत्यातल्या उंदरापेक्षा बारीक हाय," असं त्या चिडवत.

त्या दिवशी तपासणीसाठी अधिकारी यायचे होते. थप्पीतल्या एका पोत्याचं लेबल भिंतीकडे गेलं होतं. बायका शेडपलीकडे डबे खात होत्या, हाक ऐकू जाईल इतक्या जवळ. मी हाक मारली नाही. तीस किलोचं पोतं कमरेत वाकून उचललं आणि ते हातात घेऊनच वळले. कमरेपासून डाव्या पायाच्या तळव्यापर्यंत वीज गेली.

दवाखान्यात डॉक्टर रोज सकाळी माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर बोट ठेवून म्हणत, "वर करा." पहिल्या दिवशी तो उठला. दुसऱ्या दिवशी जेमतेम हलला. तेव्हा ते आईकडे नाही, माझ्याकडे बघून बोलले. "लघवी अडली किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर वाटला, तर लगेच सांगायचं. त्याला कॉडा इक्विना म्हणतात. मणक्याच्या खालचा नसांचा झुपका दबतो. मग ऑपरेशनला उशीर चालत नाही. लघवी-शौचावरचा ताबा कायमचा जाऊ शकतो."

कंबरदुखीने पडलेल्या कुणीही हे वाक्य लक्षात ठेवावं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आई औषधं आणायला खाली गेली होती. ओटीपोट तट्ट भरलेलं आणि लघवी होत नव्हती. चादरीखाली मांडीच्या आतल्या बाजूला हात लावला, तर ती मांडी दुसऱ्या कुणाची असावी तशी लागली.

घंटेचं बटण तुटलेलं. सिस्टर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला दाराशी लिहीत बसल्या होत्या. मध्ये सहा खाटा. समोरच्या आजीला भेटायला परसवाड्याहून आठ जण आले होते, त्यात माझ्या वयाची दोन मुलं. सगळे संत्री सोलत होते.

मी ठरवलं, आई आली की तिच्या कानात सांगायचं. भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटं गेली. मग वीस. आई आली नाही. औषधांच्या खिडकीवर रांग असणार. मी अंगठा उचलून पाहिला. तो हललासुद्धा नाही.

तेव्हा कुसुमबाईंचं बोलणं आठवलं. त्या शेडपलीकडेच होत्या. सिस्टरही सहाच खाटा पलीकडे होत्या.

मला ॲम्ब्युलन्सने नागपूरला नेलं आणि त्याच रात्री माझं ऑपरेशन झालं. आज मी चालते. अंगठा अजून पुरता उठत नाही, बाकी सगळं परत आलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "वेळेत आलात." त्यांचे, सिस्टरचे, आईचे, कुसुमबाईंचे उपकार मानते. पण त्या वॉर्डात आधी मलाच तोंड उघडावं लागलं. आठ माणसांचे हात संत्र्यांवर थांबले, ती दोन मुलं वळून बघू लागली, आणि मी घरातल्या मराठीत, छातीतला सगळा जोर लावून ओरडले:

"सिस्टर! मले लघवी होऊन नाही राह्यली! धावत या ना!"