‘या’ न म्हटल्याची गोष्ट

चूक माझीच आहे, आणि ती एका पुस्तकाच्या नादात झाली म्हणून लहान होत नाही. भरे गावात आम्ही नवरा-बायको भाड्याने राहतो. घरमालकीण मावशी अंगणापलीकडे राहतात. त्यांना मी त्यांच्याच घराच्या दारात उभं ठेवलं.

पन्नाशीला टेकल्यावर मी पहिल्यांदाच रक्त पिणाऱ्या सरदाराची ती जुनी, जगप्रसिद्ध कादंबरी हातात घेतली. वाटलं होतं, घाबरेन. मला तर हसू आवरेना. सरदार पाहुण्याला आग्रहाने जेवू घालतो आणि स्वतः घासही घेत नाही! आमच्या लातूरकडे पाहुणा तिथेच ताटावरून उठला असता. आरशात सरदार दिसत नाही, हे तर मी धावत जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “अहो, दाढी करताना तुम्ही दिसता ना? मग झालं. कोथिंबीर निवडा.”

ती पिरंगुटला बाजाराला गेली आणि मी त्या नियमापाशी पोहोचलो. घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. भिंतीवरून पालीसारखा सरपटणारा एवढा बलाढ्य सरदार, आणि एका ‘या’साठी खोळंबलेला! मी खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्याच मारायला लागलो.

तेवढ्यात दारातून आवाज आला, “येऊ का?”

मावशी होत्या. घर त्यांचं, तरी आम्हाला दिल्यापासून त्या असं विचारतात आणि ‘या’ म्हटल्यावरच पाऊल टाकतात. हातात वाटी होती. तिच्यात लसणाची चटणी. लसूण! त्या सरदाराला नेमका लसूणच सोसत नाही. मी खो खो हसत सुटलो.

“आन् काय झालं हसाया?”

“‘या’ म्हणणार नाही मी. न बोलावता येऊन दाखवा की!”

त्या थोडा वेळ थांबल्या. मी ‘या’ म्हणेन असं त्यांना वाटलं असावं. मी हसतच होतो. मग त्यांनी वाटी उंबऱ्याबाहेर फरशीवर ठेवली आणि म्हणाल्या, “जाते मी.”

मी पुन्हा पुस्तकात शिरलो. बायकोने येऊन वाटी उचलली, सगळं विचारलं आणि कपाळाला हात लावला. “‘येते’ नाही म्हणाल्या? ‘जाते’ म्हणाल्या?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. कुणाच्या घरून निघताना आपण ‘जाते’ म्हणत नाही. परत यायचं नसेल तरच म्हणतो.

त्यानंतर मावशी आल्या नाहीत. पाण्याची मोटर लावली की अंगणातूनच ओरडून सांगायच्या. पुस्तक संपलं, सरदार मेला, पण त्याचंही मला धड सुख होईना. सारखं दाराकडे लक्ष जायचं.

रविवारी सकाळी मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्या ओटीवर लसूण सोलत होत्या.

“येऊ का, मावशी?”

त्या सोलतच राहिल्या. मी बाहेरूनच सगळं सांगून टाकलं: सरदार, रक्त, आरसा, तो नियम. त्यांचे हात थांबले.

“रगत पितो, आन् बोलवल्याबिगर आत येत न्हाई?”

“नाही.”

“मंग तुमच्यापरीस तोच बरा की. दाराची रीत तरी कळती त्याला.”

मला हसू फुटलं आणि लगेच लाजही वाटली. मावशींनी तोंडाला पदर लावला होता, पण खांदे हलताना दिसत होते.

“या आत. तितं डास लई हायेत. त्येंला कुनी बोलवाया लागत न्हाई.”

मी उंबरा ओलांडला, त्यांच्यासमोर खाली बसलो आणि म्हणालो, “मावशी, माझं चुकलं. तुमच्याच घराच्या दारात तुम्हाला उभं ठेवलं आणि वर हसलो. मला माफ करा. या ना आमच्याकडे.”