सतरा नंबरचा घाट

विनिपेगच्या मराठी मंडळीत कुणी गेलं की तीन फोन होतात. एक फ्युनरल होमला, एक भारतात आणि एक जनूकाकांना. पहिल्याचा तो धंदाच, दुसऱ्याचं नातं. जनूकाकांचं काय, तर त्यांना एक जागा ठाऊक आहे.

जनूकाका म्हणजे जनार्दन ठोसर. वय एकाहत्तर, मूळ इचलकरंजी, आयुष्यभर लेथवर उभं राहून गुडघ्यांची वाट लागलेली. शहरापासून चाळीस मिनिटांवर, रेड नदीच्या काठी एक जुनं पॅरिश आहे. चर्चभोवती वसलेलं गाव म्हणा ना. तिथे तेवीस वर्षांपूर्वी त्यांनी घर घेतलं. बायको लता आधी कुरकुरली, मग अशी रमली की शहरात जायचं नाव काढेना. चौदा वर्षांपूर्वी ती गेली. जायच्या आधी एवढंच म्हणाली होती, "मला नाशिकला वगैरे नेऊ नका. विमानात सामानात जायचं नाहीये मला."

म्हणून मग सतरा नंबर. कौन्सिलच्या नकाशातला लॉट नंबर सतरा. रस्त्यापासून नदीपर्यंत उतरत गेलेली गवताची पट्टी, दोन्ही बाजूंना ओकची झाडं आणि पाण्याशी कुणी तरी कधी तरी टाकलेली काँक्रीटची लादी. मालकी कौन्सिलची, वापर कुणाचाच नाही. जनूकाकांनी लताच्या अस्थी तिथे सोडल्या. वर्षभराने चारुदत्त आपट्यांची आई गेली. चारुदत्तने चाचरत विचारलं, "काका, ती जागा मला दाखवाल का?" आणि मग सुरूच झालं. चौदा वर्षांत सदतीस कुटुंबं. लोक आपसात त्याला घाट म्हणायला लागले. दोन दगड नाहीत धड, आणि म्हणे घाट.

हे कायद्यात बसतं की नाही, हे जनूकाकांनी कधी विचारलं नाही. विचारायला गेलं की नाही ऐकायला मिळतं, हा त्यांचा इचलकरंजीपासूनचा अनुभव. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी नियम घालून दिले होते. उजाडायच्या आत यायचं, दोनच गाड्या आणायच्या. मंत्र हळू म्हणायचे. फोटो नाही. फुलं सोडायची नाहीत, फक्त पाकळ्या, आणि काठाला लागलेल्या पाकळ्यासुद्धा वेचून परत न्यायच्या. हिवाळ्यात नदी गोठली की कुणाचे वडील, कुणाची सासू मे महिन्यापर्यंत बेसमेंटात थांबायची, वॉशिंग मशीनशेजारच्या फळीवर. काय करणार? बर्फ फुटला की जनूकाकांचा फोन वाजायला लागायचा. दर खेपेला ते थर्मास भरून, बूट चढवून जायचे. दुसऱ्यांच्या रडण्याला उभं राहून राहून माणूस थकतो, पण ते कुणाला सांगायचं? नाही म्हणायची सोय नव्हती.

एक अभिमान मात्र होता. चौदा वर्षांत गावात कुणाला पत्ता लागला नव्हता.

सप्टेंबरात टपालपेटीत एक रंगीत पत्रक आलं. 'आपलं गाव, आपला आराखडा.' पुढच्या पंधरा वर्षांत पॅरिशमध्ये कुठे घरं होणार, कुठे शेती राहणार, यावर कौन्सिलला लोकांचं मत हवं होतं. असल्या पत्रकांना जनूकाका रद्दीत टाकत. सरकारी काम आणि सहा महिने थांब. पण मागच्या पानावर नकाशा होता, आणि नकाशात सतरा नंबरला पिवळा रंग होता. पिवळा म्हणजे 'विक्रीयोग्य, सहा घरांसाठी'.

कम्युनिटी हॉलमध्ये ओपन हाऊस होतं. भिंतीला नकाशे, टेबलावर कॉफी आणि खजुराच्या वड्या, आणि प्रत्येकाला पाच-पाच चिकटवायचे ठिपके. हिरवा म्हणजे आवडलं, लाल म्हणजे नको. जनूकाकांनी पाचही लाल ठिपके सतरा नंबरवर लावले. हेदर नावाची तरुण नियोजन अधिकारी हसून म्हणाली, "जॉन, एका जागी एकच लावायचा असतो." गावात त्यांना सगळे जॉनच म्हणतात. त्यांनी चार काढले. ते काढताना नकाशाचा कागदही थोडा सोलला गेला, त्याचीही माफी मागितली.

"ही जागा का विकताय?" त्यांनी विचारलं.

हेदरने प्रामाणिकपणे अहवाल उघडून दाखवला. जुलैत दोन आठवडे, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, एक माणूस तिथे बसवून मोजणी केली होती. आढळलेला वापर शून्य. खाली एक ओळ होती. जागेवर कचरा, शेकोटीच्या खुणा, पायवाट असं काहीही दिसत नाही, त्यामुळे तिथे कुणी येत नसावं असा निष्कर्ष निघतो.

जनूकाकांनी ती ओळ दोनदा वाचली. ही शाबासकी आहे की थप्पड, हे त्यांना कळेना. पाकळी न् पाकळी वेचली, त्याचं हे फळ. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, इथे तर हात लपवून झालं होतं.

"आणि समजा," ते जपून म्हणाले, "कुणाला तिथे अस्थी सोडायच्या असल्या तर? चालतं का ते?"

"आमच्या नियमात तरी त्याला कुठे मनाई नाही," हेदर म्हणाली. "का? कुणी सोडतं का?"

चौदा वर्षांपूर्वी हाच प्रश्न विचारला असता तर चौदा वर्षं पहाटे उठावं लागलं नसतं. जनूकाका खुर्ची ओढून बसले. त्यांनी हेदरला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "हे मला नोंदवायला हवं. पण पुरावा? फोटो, तारखा, लोकांची पत्रं? नोव्हेंबरात सार्वजनिक सुनावणी आहे. लोक येऊन बोलले तर कौन्सिल ऐकेल."

घरी येऊन त्यांनी फोन नंबरांची वही काढली आणि फोन करायला बसले. आजवर फोन यायचे, आता हे करत होते. एकाची पीआरची, म्हणजे कायम रहिवासाची, फाइल अडकलेली, "काका, नाव नको प्लीज." एकीने आईच्या अस्थी अशा सोडल्याचं सासरी सांगितलंच नव्हतं. एक जण हॅमिल्टनला गेलेला. काही जण म्हणाले, "काका, तुम्हीच नाही का सांगायचात, गाजावाजा नको?" जनूकाकांनी पुढचा नंबर फिरवला. चारुदत्त तेवढा नक्की येतो म्हणाला, आणि सुनावणीच्या दिवशी त्याचा मेसेज आला, मुलाची हॉकीची मॅच, सॉरी काका. जनूकाका चिडले नाहीत. चिडायलाही अंगात ताकद लागते.

मुलगी ऊर्मी कॅल्गरीला. तिने इंग्रजीत भाषण लिहून ईमेल केलं होतं. छान होतं. त्यात सांस्कृतिक वारसा होता, सर्वसमावेशकता होती. आई शेवटच्या परिच्छेदात होती.

सुनावणीला हॉलमध्ये तीस-पस्तीस डोकी. पुढे सात कौन्सिलर, मधे रीव्ह, म्हणजे आपला सरपंच. उंच, सभ्य, थकलेला माणूस, त्या दिवसातली ही त्याची तिसरी मीटिंग. प्रत्येकाला तीन मिनिटं. जनूकाकांच्या आधी ड्रेनेजवर अकरा जण बोलले. त्यांचा नंबर लागला तेव्हा निम्मा हॉल रिकामा झाला होता. गुडघे धरत ते माइकपाशी गेले, चष्मा लावला आणि वाचायला लागले. त्यांचं वाचणं सावकाश. वारसा झाला, समावेशकता झाली, आणि घंटा वाजली. शेवटचा परिच्छेद राहिला.

"धन्यवाद," रीव्ह म्हणाला. "एकच विचारतो, मिस्टर ठोसर. ही सदतीस कुटुंबं आपल्या म्युनिसिपालिटीत राहतात का?"

"नाही. शहरात."

"आपल्या हद्दीतलं कुणी?"

बोलणाऱ्याची मातीही खपते, न बोलणाऱ्याचे गहूही खपत नाहीत. हे जनूकाकांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण गहू दाखवायचे म्हणजे लताचं नाव या अर्ध्या रिकाम्या हॉलमध्ये घ्यायचं, ड्रेनेजच्या पाठोपाठ.

"एक," ते म्हणाले. "माझी बायको."

"त्या आज इथे आल्यात का? त्यांना बोलायचं असेल तर मी वेळ देतो."

"नाही," जनूकाका म्हणाले. "ती तिथेच असते."

रीव्हला कळायला क्षणभर लागला. मग त्याने पेन खाली ठेवलं. लिहून घेणाऱ्या बाईने हळूच विचारलं, "नोंदीसाठी, त्यांच्या नावाचं स्पेलिंग?" आणि जनूकाकांनी लताचं नाव एक-एक अक्षर करून माइकमध्ये सांगितलं. आवाज चिरकला, त्याची त्यांना लाज वाटली, आणि लाज वाटली याचा रागही आला.

निकाल तीन आठवड्यांनी पत्राने आला. सतरा नंबरची विक्री एक वर्ष थांबवली आहे. जानेवारीपासून तिथे उतारावर मोजणीचं यंत्र लावू. वर्षभरात पुरेसा वापर दिसला तर जागा नदीकाठची सार्वजनिक वाट म्हणून कायम ठेवू, नाहीतर विकू. पुरेसा म्हणजे किती, हे पत्रात नव्हतं. जनूकाकांनी त्या सदतीस जणांना पुन्हा फोन लावले. "या. दिवसा या. पोरांना घेऊन या, फोटो काढा." सगळे हो म्हणाले. उन्हाळ्यात येऊ म्हणाले.

उन्हाळ्याला अजून पाच महिने होते. यंत्र तर जानेवारीच्या एक तारखेपासून खांबावर बसलं होतं, हिरव्या डब्यासारखं. तेव्हा रोज सकाळी दहाला जनूकाका स्वतःच निघाले. उणे अठ्ठावीस तापमान, आदल्या दिवशी फावड्याने मोकळी केलेली वाट बर्फाने पुन्हा भरलेली. यंत्रासमोरून जायचं, वळायचं, घरी यायचं. एक माणूस. आठ दिवस हेच केलं. ड्यूटीच ती, त्यात काय बघायचं?

नवव्या दिवशी ऊन पडलं होतं आणि वारा नव्हता. ते लादीपर्यंत उतरले, बर्फ पायाने सारला आणि बसले. समोर नदी पांढरी, मुकी. इथे ते सदतीस वेळा दुसऱ्यांसाठी आले होते आणि एकदाच स्वतःसाठी. त्या एकदाचं आठवायला लागले, तर लता आठवेना. आठवलं ते हे, की बावीस वर्षांची ऊर्मी रिकामी पिशवी छातीशी धरून उभी होती, आणि आपण तिला दंडाला धरून वर ओढत होतो. चल, उजाडतंय, कुणी बघेल. पोर मागे वळून बघत होती. आपण तिला बघू दिलं नाही. कशाच्या भीतीने? ज्याला मनाईच नव्हती, त्याच्या. तिथे बसून जनूकाका रडले, चौदा वर्षांत पहिल्यांदाच घड्याळ न बघता.

मग हातमोजा काढून त्यांनी फोन लावला. कॅल्गरीत ऊर्मी ऑफिसात होती.

"बाबा? व्हॉट हॅपन्ड? कोण गेलं?"

"कुणी नाही गं. नदीवर आलोय. आईपाशी."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"मे महिन्यात सुट्टी काढ," ते म्हणाले. "आपण भर दुपारी येऊ. तुला हवं तितका वेळ थांबू. त्या दिवशी मी तुला थांबू दिलं नव्हतं."

ऊर्मी मराठीत म्हणाली, "बाबा, मला वाटायचं तुम्हाला ते आठवतच नसेल."