लोणचं ४४

आई गेल्यावर बाबा यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी एकटेच राहत होते, म्हणून दोन वर्षांपूर्वी मी त्यांना दिल्लीत मुनिरकाला घेऊन आले. मी आणि माझा नवरा दोघंही सरकारी नोकरीत. सकाळी साडेआठला घर सोडायचं, संध्याकाळी सातला परतायचं. मधल्या वेळात बाबा काय करतील, याचा मी फारसा विचार केला नव्हता. टीव्ही आहे, खाली पार्क आहे, एवढं माझ्या दृष्टीने पुरेसं होतं.

बाबा बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. कोणती गाडी कुठून आली, किती उशिरा आली, कोणत्या फलाटावर लागली हे त्यांनी उभा जन्म वहीत लिहिलं आणि माइकवरून सांगितलं. पार्कात ते चार दिवस बसले. पाचव्या दिवशी सकाळची वंदना आटोपून गच्चीवर गेले आणि तिथे त्यांना विमानं सापडली.

आमची इमारत विमानांच्या उतरायच्या वाटेवरच आहे. पश्चिमेचा वारा असला की दर दोन-तीन मिनिटांनी एक विमान चाकं खाली सोडून डोक्यावरून जातं. आम्हाला त्याची इतकी सवय की फोनवर बोलता बोलता आम्ही आपसूक थांबतो आणि ते गेलं की वाक्य पुढे सुरू करतो. बाबांना मात्र वेगळीच अडचण होती. जेवताना म्हणाले, "गाडी येते कुठून ते समजत नाही. बोर्डच नाही लावलेला."

मी त्यांच्या फोनवर विमानं दाखवणारं अ‍ॅप टाकून दिलं. नकाशावर पिवळी पिवळी विमानं सरकत असतात. एखाद्यावर बोट ठेवलं की ते कुठून निघालं, कुठे चाललं, किती उंचीवर आहे, सगळं दिसतं. बाबांनी त्या रात्री जेवण अर्धवट सोडलं. महिन्याभरात ते अशाच विमानवेड्या मंडळींच्या एका ग्रुपमध्ये सामील झाले. त्यात गाझियाबादची एक मुलगी होती. नोकरी संगणकाची, पण घराच्या गच्चीवर तिने विमानांचे संदेश पकडणारा अँटेना बसवला होता. ती बाबांना 'अंकल' म्हणायची आणि रोज काहीतरी नवं शिकवायची.

तिनेच त्यांना कॉलसाइन म्हणजे काय ते सांगितलं. विमानतळाचा टॉवर विमानाला ज्या नावाने हाक मारतो ते नाव. बहुतेक विमानांचं नाव म्हणजे कंपनी आणि नंबर, त्यात काही गंमत नाही. पण परदेशी लष्कराची, सरकारी किंवा चाचणीची विमानं कधी कधी भलतीच नावं लावून येतात. दिल्लीत परदेशी पाहुण्यांची मोठी बैठक असली की अशा नावांचं पीक येतं. ग्रुपवरची मंडळी त्यांची वाट बघत बसलेली असतात.

बाबांनी त्यासाठी वेगळी वही केली आणि सगळी नावं मराठीत उतरवायला सुरुवात केली. पिकल ४४ नावाचं मालवाहू विमान आलं, त्याचं त्यांनी 'लोणचं ४४' केलं. ग्रंपी २ चं 'रुसके २'. मामा ३१ आलं तेव्हा भाषांतराची गरजच पडली नाही. त्या मुलीने सांगून पाहिलं की परदेशात मामा म्हणजे आई. बाबा म्हणाले, तिकडे असेल, पण दिल्लीच्या हद्दीत शिरल्यावर तो मामाच.

मी हसायचे, पण खरं सांगायचं तर वही उघडून कधी पाहिली नव्हती.

गेल्या फेब्रुवारीत एका शनिवारी सोसायटीच्या ग्रुपवर आमच्या सेक्रेटरींचा मेसेज आला. हे गृहस्थ शाळा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले; लिफ्टमध्येसुद्धा ते आपली तपासणी करतायत असं वाटायचं. त्यांनी लिहिलं होतं की एक बुजुर्ग रोज दुर्बीण घेऊन गच्चीवर बसतात आणि विमानांची नोंद करतात, याबद्दल तक्रार आली आहे. विमानतळ जवळ आहे, दिवस नाजूक आहेत, उद्या सकाळी मी स्वतः येऊन चौकशी करीन. आमचा फ्लॅट नंबर शेवटी ठळक अक्षरात होता.

 आधी माझी नोकरी डोळ्यांसमोर आली, मग नवऱ्याची नोकरी, आणि बाबा सगळ्यात शेवटी. मी तशीच त्यांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "बाबा, हे बंद करा. ही दिल्ली आहे, तुमचा स्टँड नाही."

ते चष्मा काढून पुसत राहिले. थोड्या वेळाने मी पाणी द्यायला गेले तर पलंगाखालची, गावाहून आणलेली त्यांची बॅग बाहेर आली होती. उघडली नव्हती, नुसती बाहेर काढून ठेवली होती. मला माफी मागायची होती, पण मी पाण्याचा तांब्या ठेवला आणि परत आले.

रविवारी अकराला सेक्रेटरी आले. चहा नको म्हणाले. बाबांनी न सांगता वही आणून त्यांच्या हातात दिली. सेक्रेटरींना मराठी येत नव्हती, पण लिपी तीच; ते एकेका शब्दावर बोट ठेवून मोठ्याने वाचू लागले.

"लोणचं चव्वेचाळीस आलं. पोट मोठं. हळू उतरलं. मामा एकतीस अद्याप नाही." त्यांनी मान वर केली. "ये मामा कौन है?"

मी घाईघाईने हिंदीत समजावू लागले. लोणचं म्हणजे अचार, असं मी सांगितलं आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की यामुळे प्रकरण आणखी बिघडतंय. त्यांनी पान उलटलं. पुढची ओळ होती, 'रुसके दोन गुपचूप निघून गेले. कोणालाही कळले नाही.' सेक्रेटरींचा चेहरा पाहून माझा नवरा स्वयंपाकघरात निघून गेला. तो हसत होता हे मला त्याच्या पाठीवरून कळत होतं.

बाबा मात्र शांत होते. त्यांनी फोन पुढे केला आणि आपल्या विदर्भी हिंदीत सांगितलं की साहेब, यात चोरीचं काही नाही, हे सगळं जगाला दिसतं. तुमच्या घरचं कोणी विमानाने येणार असेल तर सांगा, आत्ता दाखवतो.

सेक्रेटरी जरा घुटमळले. मग म्हणाले, पत्नी तीन महिन्यांनी आज मुलीकडून बंगळुरूहून येतेय, पण त्याला अजून वेळ आहे, साडेबाराला उतरणार. त्यांनी खिशातून कागद काढून फ्लाइटचा नंबर वाचला. बाबांनी तो घातला, चष्मा कपाळावर चढवला आणि स्क्रीन डोळ्यांजवळ नेला.

"ग्वाल्हेर ओलांडलं," ते म्हणाले. "वारा पाठीशी आहे. हे बाराच्या आत उतरतंय."

सेक्रेटरी म्हणाले, शक्यच नाही, तिकिटावर साडेबारा लिहिलंय. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं ते स्टँडवर वेळापत्रक घेऊन भांडायला आलेल्या प्रवाशाकडे बघावं तसं. म्हणाले, "टाइम टेबल अपनी जगह, गाडी अपनी जगह."

सेक्रेटरींनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. ते उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. त्यांनी घर आवरलेलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं. तीन महिन्यांची भांडी होती की काय कोण जाणे. वही त्यांनी सोफ्यावर ठेवली, दाराशी जाऊन परत फिरले आणि बाबांना म्हणाले, "लिखाई अच्छी है आपकी।" मग लिफ्टची वाट न बघता जिन्याने गेले.

पुढची हकिगत त्यांच्या पत्नीने मला भाजीच्या गाड्यापाशी सांगितली. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, हा माणूस तिला घ्यायला कधी वेळेवर आला नव्हता. त्या दिवशी बाहेर येते तो समोर उभा, धापा टाकत, दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून. तिला आधी वाटलं, घरी काहीतरी वाईट घडलंय.

तक्रारीचं पुढे काही झालं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर एवढाच मेसेज आला की चौकशी झाली, प्रकार निरुपद्रवी आहे. सेक्रेटरी आता रविवारी गच्चीवर येतात आणि बाबांच्या वहीतले ऱ्हस्व-दीर्घ हिंदीच्या नियमाने तपासतात. बाबा मराठीच्या नियमाने त्यांना उत्तर देतात. दोघंही मागे हटत नाहीत.

मी मात्र त्याच रविवारी दुपारी बाबांच्या खोलीत गेले. बॅग तिथेच होती. मी म्हटलं, काल मी घाबरले होते, म्हणून तसं बोलले. बाबा म्हणाले, "माहीत आहे मला. स्टँडवर घाबरलेली माणसंच जास्त ओरडतात." मग त्यांनी पायाने बॅग पलंगाखाली सारली आणि मला विचारलं, इंग्रजीत विगल म्हणजे काय. मी सांगितलं, वळवळ.

गेल्या आठवड्यात मी ऑफिसात मीटिंगमध्ये असताना त्यांचा फोन आला. कधी वेळी-अवेळी फोन करत नाहीत, म्हणून मी बाहेर आले. ते नेहमीपेक्षा हळू बोलत होते. "वळवळ ७ येऊन राहिलं. पाच मिनिटात तुझ्या ऑफिसवरून जाईल. उत्तरेची खिडकी बघ."

मी कॉरिडॉरच्या टोकाला गेले. खिडकी वर्षानुवर्षं उघडलेली नव्हती. तिच्या कडीला रंग चिकटून बसला होता. शिपायाने विचारलं, मॅडम, काय झालं? मी म्हटलं, जरा हात लावा. आम्ही दोघांनी मिळून ती ओढली आणि बाहेर डोकं काढून आभाळाकडे बघत उभे राहिलो.